गुंडाळत येणारा रस्ता

ऐक. मध्ये बोलू नकोस, हसू नकोस, आधी नुसतं ऐक.

त्या घाटरेसमध्ये शेवटच्या सायकलच्या मागून रस्ता गुंडाळत आणतात. खरंच गुंडाळतात गं, लग्न उरकलं की सतरंज्या गुंडाळतात तसा. काम मंडपवाल्यांकडंच असतं. आप्पा डोंगळे आणि त्यांचा मेव्हणा, दोघं वाकून, डांबर दोन्ही काठांनी धरून वळकटी पुढं पुढं ढकलत येतात. मागून रिकामा टेम्पो. संध्याकाळी वळकटीला दोरी मारायची, टेम्पोत टाकायची, विषय संपला. स्पीडब्रेकर आला की आप्पा शिव्या घालतात, कारण वळकटीला पोट येतं आणि मग ती टेम्पोत नीट बसत नाही.

रस्ता उचलला की खाली फिकट जमीन उरते. कपाट हलवल्यावर फरशी दिसते ना, तशी.

पहिल्या दिवशी रेसला उतरलेल्या कस्तुरीनं त्यांना विचारलं होतं, "अहो, मग मागच्या गावातली माणसं कशी जाणार-येणार?"

"बांधावरनं जातील की," आप्पा म्हणाले. "आमच्या आज्याच्या टायमाला कुठं होता रस्ता?"

तिला ते पटलं. तिथं असतीस तर तुलाही पटलं असतं.

आता जोडीचं सांगते. ही रेस जोडीनं असते. रोज एक टप्पा, कोल्हापुरातून निघायचं, गारगोटी, आजरा, आंबोली असं करत शेवटी खाली समुद्रापर्यंत. दोघांची मिळून एकच वेळ धरतात, आणि ती मागच्याची धरतात. म्हणजे एकटीनं कितीही पळालीस तरी उपयोग शून्य. कस्तुरीच्या जोडीला तिचा दादा असणार होता, धैर्यशील, ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टचं दुकान आहे बघ त्याचं. त्यानं हेल्मेट घेतलं, गॉगल घेतला, गल्लीत सगळ्यांना सांगून झालं, आणि मग म्हणाला गुडघा दुखतोय. तेव्हा वहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मी जाऊ?"

कस्तुरीची आई म्हणाली, "हिला सायकल येते?"

वहिनीनं गॅस बारीक केला, साडी खोचली, दादाची सायकल घेऊन गल्लीला चक्कर मारून आली, सायकल स्टँडला लावली आणि परत लाटायला बसली. पोळी अजून तव्यावर होती, करपली पण नव्हती.

आई एवढंच म्हणाली, "कस्तुरे, हिला नीट परत घेऊन ये."

सुरुवातीला शिट्टी गळ्यात घातलेल्या गुरव सरांनी नियम सांगितला. नियम एकच. पुढच्यानं अधूनमधून मागच्याला नावानं हाक मारायची, मागच्यानं ओ द्यायची. तीन हाकांना ओ आली नाही, तर मागचा माणूस रस्त्यात धरला जाईल.

"रस्त्यात म्हणजे?" कुणीतरी विचारलं.

"वळकटीत," सर म्हणाले, आणि शिट्टी वाजवली.

पहिल्या दिवशी नुसता सपाट रस्ता, दोन्हीकडं ऊस, पुढं साखर कारखान्याच्या ट्रॉल्या. कस्तुरी पुढं. मागच्यानं पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवायचं असतं, म्हणजे वारा लागत नाही. वहिनी अशी चिकटली की कस्तुरीला वाटलं, मागं कुणी नाहीच.

"वहिनीऽ!"

"ओऽ!"

थोड्या वेळानं परत, "वहिनीऽ!"

"ओऽ! आहे गं बाई, पळून नाही गेले! वन्सं, जरा जोरात मारा पाय. भाजी निवडताय का?"

वन्सं! असलं वहिनी मुद्दाम म्हणायची, जुन्या सिनेमातल्यासारखं. कस्तुरी हसली की सायकल हलायची, आणि मग वहिनी आणखी म्हणायची. त्या दिवशी उसातनं एक तोडकरी बाई पण "ओऽ" म्हणाली होती. दोघींना वाटलं, चेष्टा करतेय.

दुसऱ्या दिवशी घाट लागला. घाट चढता चढता वाढत होता. एक वळण संपलं की त्याच्या आतून दुसरं निघायचं, ओलं, नुकतं घडी उघडल्यासारखं. चढाला वहिनी पुढं गेली. सॅडलवरून उठायची पण नाही ती, बसल्या जागी पाय फिरवत, शेजारणीशी बोलत चालल्यासारखी. कस्तुरीची मात्र जीभ बाहेर.

"कस्तुरीऽ!" वरनं हाक आली.

"काय?" कस्तुरी म्हणाली.

लगेच तिचं मागचं चाक जड झालं. खाली बघते तर वळकटी टायरला टेकलेली, आणि टायरचा कडेचा भाग डांबराबरोबर आत वळायला लागलेला.

"ताई, 'काय' चालत न्हाई," आप्पांचा मेव्हणा मागून म्हणाला. तो घामाघूम होता, पण आवाज शांत. "'ओ' पायजे."

"कस्तुरीऽ!"

"ओऽऽऽ!" कस्तुरी अशी ओरडली की झाडावरची वानरं उठली. चाक सुटलं. टायरवर मात्र पांढऱ्या पट्ट्याचा रंग राहिला.

वर चढून गेल्यावर एका गुऱ्हाळापाशी थांबायला देत होते. शेंगदाणे, गरम गूळ, पाणी. दोघी बांधावर बसल्या. खाली घाट दिसायला हवा होता, तिथं आता नुसता डोंगर होता, भादरल्यासारखा. बाकीच्या सगळ्या जोड्या पुढं निघून गेल्या होत्या, मंडपवाले बिड्या ओढत वाट बघत होते. वहिनीनं गुळाचा खडा तोंडात टाकला, बूट काढून पाय मोकळे सोडले.

"मगाशी घाटाखालच्या वस्तीपाशी तू पुढं होतीस बघ," वहिनी म्हणाली. "तुझ्या दोन हाकांना मी ओ दिली नाही. तिसरीला दिली."

"ऐकू आलं नाही?"

"आलं की."

"मग?"

"बघत होते. ओ नाही दिली तर कसं वाटतं ते." तिनं बोटाला लागलेला गूळ चाटला. "घरी दिवसभर ओ ओ ओ. मीठ कुठं, ओ. चार्जर कुठं, ओ. इथं एकच माणूस हाक मारतंय, आणि ते पण फक्त मी आहे का ते विचारायला. बरं वाटतंय गं."

"वहिनी, असलं परत करू नका हं. प्लीज. मला आई मारेल."

"आई मारेल म्हणून?"

"नाही, म्हणजे... तसं नाही."

वहिनी हसली आणि बूट घालायला लागली. तेवढ्यात आप्पा म्हणाले, "चला ताई, आम्हाला सांजच्याला एक साखरपुडा आहे."

तिसऱ्या दिवशी गोंधळच झाला. पुढं होते खोत बंधू, गडहिंग्लजचे, दोघंही मिशीवाले, दोघांना कुणी गाठू शकत नव्हतं. आजऱ्याच्या पुढं काजूच्या बागा लागल्या आणि कस्तुरी-वहिनीला थोरला खोत एकटाच दिसला. सावकाश चालला होता. कस्तुरी बाजूला गेली.

"दाजी, धाकटे कुठायत?"

"राहिला," थोरला म्हणाला.

"पंक्चर?"

"छे. सकाळी मी म्हणालो, तुझ्यापेक्षा तुझी बायको बरी चालवेल. रुसला. तीन हाका मारल्या, गप्प बसला. लहानपणापासनं असाच आहे."

"मग आता?"

"आता काय. रस्ता परत पसरतील तेव्हा निघंल बाहेर."

"कधी पसरतील?"

"लागेल तेव्हा. लागेल तिथं. पसरायचं काय, एकदा गुंडाळला की रस्ता सगळा सारखाच. कुठंतरी परभणीकडं पण नेतील. तिथनं येईल एस्टीनं." त्यानं मिशी पुसली. "एस्टी लागते हो त्याला. उलट्या करतो."

एवढं बोलून तो मंडपवाल्यांच्या टेम्पोत जाऊन बसला, कारण एकट्याची वेळ धरत नाहीत.

बाकीच्या जोड्यांतलं पण एकेक माणूस असंच वळकटीत गेलं होतं, म्हणून अख्खी उरलेली एकच जोडी, ह्या दोघी, एक नंबरला आल्या. विचार कर, कस्तुरी! आयुष्यात कधी पहिल्या दहात नाही. शाळेत लिंबू-चमच्यात पण लिंबू पाडायची. संध्याकाळी गुरव सरांनी दोघींच्या हेल्मेटला मुंडावळ्या बांधल्या. पुढच्या जोडीला मुंडावळ्या असतात, लांबून ओळखायला यावं म्हणून. कस्तुरीनं मोबाइलमध्ये स्वतःला बघितलं, वळून बघितलं, परत बघितलं. वहिनीनं आपल्या मुंडावळ्या कानामागं खोचल्या आणि म्हणाली, "दुसऱ्यांदा बांधल्या. ह्या वेळी निदान उपाशी तरी नाही बसवलं."

मग शेवटचा दिवस. आंबोलीचा उतार, खाली वाडी, आणि तिथून सरळ समुद्र.

उताराला कस्तुरी वाघीण आहे, तुला माहितेय. ब्रेकला हात लावत नाही. वहिनी चढाला राणी, पण उताराला घाबरते. तिनं निघतानाच सांगितलं, "कस्तुरी, मी हळूहळू येणार. तू पुढं हो, पण हाक मारत राहा."

"मारते की."

आणि मारली तिनं. हे लक्षात ठेव, विसरली नाही ती. प्रत्येक वळणाला मारली. कानात वारा, मुंडावळ्या गालावर सपसप लागतायत, धुक्यातून झाडं येतायत आणि बाजूला होतायत, आणि कस्तुरी ओरडतेय, "वहिनीऽ!"

"ओऽ!"

पुढच्या वळणाला, "वहिनीऽ!"

"ओऽ! ओऽ!"

दोनदा आली. कस्तुरीला वाटलं, दरीत घुमतोय आवाज. घाट संपला, घरं सुरू झाली, माड लागले. तिनं परत हाक मारली. आता एकदम पाच-सहा ओ आल्या. एक पिठाच्या गिरणीतून. एक विहिरीवरून. एक स्कुटीवरून चाललेल्या बाईनं दिली, मागं वळून, जरा दचकून. एक माजघरातून, कुकरच्या शिट्टीच्या मागून. सगळ्या ओ सारख्याच, कामात असताना देतात तशा, अर्ध्या. वहिनीची त्यात कुठली, ते ओळखता येईना. पण ओ येतेय ना? येतेय. मग आहे मागं. असं समजून कस्तुरीनं वरचा गियर टाकला.

वाडी मागं पडली तेव्हा तिला जाणवलं की पाठीमागून सायकलचा आवाज येत नाही, कसलातरी घसटत येणारा आवाज येतोय. तिनं मान वळवली. वळकटी होती. अगदी जवळ. माणसाच्या छातीएवढी जाड, आणि आप्पा आणि मेव्हणा दोन्ही टोकांना खांदा लावून ढकलत होते.

"वहिनी कुठाय?" कस्तुरी ओरडली.

"आत," आप्पा म्हणाले.

"कशी आत? मी हाक मारत होते! ओ येत होती!"

"ओ येणारच की. वहिनी म्हटल्यावर सगळा गाव ओ देतोय. सगळ्याच कुणाच्यातरी वहिनी." आप्पांनी वळकटीवर थाप मारली, उशीवर मारतात तशी. "हाक नावानं मारायची असती, ताई. सरांनी सांगितलेलं."

"पण आम्ही वहिनीच म्हणतो! तेच नाव आहे तिचं आमच्यात!"

"तुमच्यात असंल. मागं त्या स्वतः ओ देत होत्या म्हणून चाललं. इथं तुम्ही तीन हाका मारल्या, त्यांच्या नावाची एक पण न्हवती. बसल्या असतील त्या वाट बघत."

आणि थांबता तर येत नव्हतं. थांबली की वळकटी चाकाला लागायची. तिनं पाय चालूच ठेवले. घरी काय सांगणार, हा विचार तिला पहिला आला, आणि त्याची तिला लाज वाटली, आणि मग दुसरा विचार आला की सकाळी वहिनीनं तिची बाटली भरून दिली होती, स्वतःची भरायची राहिली होती.

"मग आता नावानं मारू का?"

"मारून बघा की. बोहल्यापर्यंत, म्हंजे फिनिशपर्यंत टाइम हाय."

वहिनीचं नाव तिनं कधी तोंडानं घेतलेलं नव्हतं. मोठ्या माणसाचं नाव घेतोय असं वाटून तिचे कान तापले. तरी तिनं मान वळवली आणि म्हणाली, "ईश्वरी."

"ओ," वळकटीतून आलं.

वहिनीचाच आवाज, पण बारका, दार लोटलेल्या खोलीतनं यावा तसा. डांबराच्या मधल्या एका पदरातून हात बाहेर आला. हिरवी काचेची बांगडी, कोपराला पिठाचा पांढरा डाग. कोपरापर्यंत आला आणि थांबला.

"या की बाहेर! वहिनी! म्हणजे, ईश्वरी! या की!"

"एवढंच येणार," आप्पा म्हणाले. त्यांनी वाकून पदर चाचपले, किती लांबीचा माल आहे ते बघतात तसे. "ह्या नावाची एवढीच हाय ती. लग्नापासनंची. बाकीची सगळी आधीच्या नावाची."

कस्तुरीला ते लगेच कळलं. त्यांच्यात लग्नात सुनेचं नाव बदलतात ना, तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहितात. ईश्वरी हे त्यांच्या घरानं ठेवलेलं. आधीचं काय होतं? लग्नात कस्तुरी होती की! ताटाच्या शेजारीच बसलेली. तिला आठवलं की ताट स्टीलचं होतं, की तिच्या परकराला चिमटा टोचत होता, की मठ्ठा आंबट होता. नाव आठवेना.

तिनं एका हातानं हँडल धरलं, दुसऱ्या हातानं दादाला फोन लावला.

"दादा, वहिनीचं नाव काय?"

"ईश्वरी. का गं? जिंकलात काय?"

"आधीचं! लग्नाआधीचं!"

"आधीचं... थांब हं, गिऱ्हाईक आहे. हां, फिल्टर वरच्या फळीवर बघ... काय म्हणत होतीस? अगं, माझ्याकडं 'घर' म्हणून सेव्ह आहे तिचा नंबर. आईला विचार, आईनंच बदललं."

आईला लावला.

"कशाला पाहिजे ते आता?" आई म्हणाली. "चांगलं ठेवलंय की."

"आई, घाई आहे गं! सांग ना!"

"आपल्या घराला शोभण्यासारखं नव्हतं. तसलंच होतं काहीतरी."

"तसलंच म्हणजे काय?"

"आठवत नाही, कस्तुरे. ताटात नवीन लिहिलं की आधीचं जातं. त्यासाठीच लिहितात." मागं डबे वाजले. "ती आहे ना तुझ्याबरोबर? तिला विचार, शेवयांचा डबा कुठं ठेवलाय."

वळकटीतून लगेच आलं, "वरच्या कपाटात, डावीकडं."

कस्तुरीनं फोन ठेवला. मग ती अंदाजानं हाका मारायला लागली. सुरेखा. वंदना. माधुरी. छाया. प्रत्येक नावाला कुठंतरी एक ओ आली, शेतातून, परसातून, बसच्या खिडकीतून, पण वळकटीतून नाही. हात तेवढा वळकटीबरोबर फिरत राहिला, डांबराखाली गेला की बांगडी किणकिणायची, वर आला की परत दिसायचा. तिला त्या हाताला धरावंसं वाटत होतं, पण धरलं असतं तर सायकल सुटली असती.

रस्ता आता संपत आला होता. पुढं बघ कसं होतं, दोन्हीकडं माणसंच माणसं, दाटीवाटीनं, सगळ्यांच्या उजव्या मुठी मिटलेल्या. मुठीत अक्षता. मध्ये फिनिशला रिबन असते तिथं अंतरपाट धरलेला. एका टोकाला गुरव सर, दुसऱ्या टोकाला थोरला खोत, टेम्पोतून उतरून पुढं आलेला. कुंकवाचं स्वस्तिक, पिवळसर धोतराचं कापड, वाऱ्यानं फुगतंय.

"शाब्बास, शाब्बास!" सर म्हणाले. "पहिली जोडी! या, अशी जवळ या. चाक अंतरपाटाला लावा."

"सर, वहिनी आत आहे. वळकटीत आहे."

"जोडीदार पलीकडं आलेत केव्हाचे," सर म्हणाले. "खाली बघा."

कस्तुरीनं अंतरपाटाच्या खालून बघितलं. पलीकडं एक सायकल होती. लेडीज सायकल, पुढं बास्केट, बास्केटमध्ये दप्तर, चेनकव्हरवर खडूनं काढलेलं फूल. पॅडलवर एक पाय, पांढरे मोजे, काळा बूट, बंद सुटलेला. ही सायकल तिनं कधी बघितलेली नव्हती.

"कोण आहे?" कस्तुरीनं विचारलं.

"तुम्ही कोण?" पलीकडनं आवाज आला. वहिनीचाच. पण लहान, आणि नुकतीच पळत आल्यासारखा, दम लागलेला. "कोण आहे तिकडं? मला सांगितलंय, इथं थांब, नाव घेतील. माझं नाव घ्या की, म्हणजे पाट काढतील."

"तुझं नाव काय?"

"मी कसं सांगू? तुम्हीच घ्यायचंय."

"मला माहीत नाही," कस्तुरी म्हणाली.

पलीकडं पॅडल उलटं फिरलं. मग ती मुलगी म्हणाली, "मग तुम्ही माझ्या कोण?"

एवढ्यात मागून वळकटी येऊन कस्तुरीच्या चाकाला टेकली. आप्पा आणि मेव्हणा सरळ उभे राहिले, दोघांनी कमरेवर हात ठेवून कण्हून घेतलं. आता रस्ता म्हणून उरला होता तो कस्तुरीच्या सायकलखालचाच, तेवढा एक तुकडा. पुढं अंतरपाट, मागं वळकटी. मेव्हण्यानं खांद्यावरची दोरी उतरवली आणि गाठ शोधायला लागला.

"सर, नाव न घेता नाही का चालणार?" थोरल्या खोतानं विचारलं. त्याचे हात दुखत होते.

"चालतं की," सर म्हणाले. "ह्यांच्यात चालतं. नवीन ठेवायचं. पोरी, आवडेल ते एक ठेव, पाट काढतो, तू जिंकलीस."

लोकांनी मुठी वर केल्या. कस्तुरीला ते हवं होतं गं, खोटं कशाला बोलू. मुंडावळ्या डोळ्यांवर आल्या होत्या आणि चार बोटांवर फिनिश होतं. एक नाव ठेवायचं फक्त. कुठलंही. पाट निघेल, ती दप्तरवाली मुलगी तिच्या जोडीला लागेल, तिला घरी नेतील, आणि आई विचारेल शेवयांचा डबा कुठाय.

तेवढ्यात वळकटीतून हाक आली.

"कस्तुरीऽ."

मंडपवाले थांबले. आप्पांनी सरांकडं बघितलं. आतापर्यंत कस्तुरी पुढची होती, हाका ती मारत होती. आतून हाक आली म्हणजे आता वहिनी पुढची व्हायला बघतेय.

"ओ द्या नाहीतर नका देऊ, ताई," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "दिली की तुम्ही मागच्या. मग हा तुकडा पण उचलावा लागतो, तुमच्यासकट. न्हाई दिली तर आम्ही दोरी मारतो, त्या आतच. तुमच्यावर हाय."

"मग दोघी कुठं निघू?"

"ते काय आम्हाला सांगत न्हाईत."

"कस्तुरीऽ." दुसरी हाक. ह्या वेळी जरा मोठी, आणि त्यात हसू होतं की रडू होतं ते कस्तुरीला शेवटपर्यंत कळलं नाही. हात बाहेर आला होता, बोटं मिटलेली नव्हती.

"अहो, कोण बोलतंय तिकडं?" पाटाच्या पलीकडची मुलगी म्हणाली. "माझ्यासारखा आवाज आहे."

सरांनी शिट्टी ओठांत धरली. मेव्हण्यानं दोरीचं टोक वळकटीच्या खालून सरकवून दुसऱ्या बाजूनं ओढून घेतलं. पहिल्या ओळीतल्या एका बाईची मूठ लवकर सुटली, थोडे तांदूळ कस्तुरीच्या हेल्मेटवर पडले आणि ओघळून वळकटीत गेले.

"कस्तुरीऽ."

तिसरी. कस्तुरीनं तोंड उघडलंय. आता बोल, आता तू बोल. तिच्या जागी तू काय केलं असतंस?